नावाची पट्टी आणि गाण्याची प्रत

१

संगीताच्या चोरट्या प्रतींविषयीचा वाद बहुधा हिशेबाच्या भाषेत मांडला जातो. अधिकृत गाणे आता इतके स्वस्त व सुलभ झाले आहे की ते चोरून मिळविण्याचे श्रम परवडत नाहीत, असे एक पक्ष म्हणतो. जे फुकट मिळू शकते त्याला दाम का मोजावे, असे दुसरा विचारतो. हे दोन पक्ष वरवर परस्परविरोधी दिसले तरी त्यांचे गृहीत एकच आहे. गाणे ही एक तयार वस्तू असून ती घरी आणण्यास कोणत्या मार्गाने कमी खर्च पडतो एवढाच काय तो प्रश्न, हे ते गृहीत होय. हे गृहीत तपासून पाहिल्याखेरीज दिलेले कोणतेही उत्तर बाजारभावाप्रमाणे बदलत राहणार, हे उघड आहे.

वाङ्मयसमीक्षेला या वादाशी काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. परंतु आधुनिक मराठी कविता सर्वांत दूरवर पोचली ती गीताच्या रूपाने. ज्याने आयुष्यात एकही काव्यसंग्रह विकत घेतला नाही त्याच्याही ओठी माडगूळकर, शांता शेळके, पाडगावकर किंवा सुरेश भट यांचे शब्द असतात. गाण्याची प्रत कशी निघते, कोण काढतो आणि तिच्यावर काय लिहितो, हा म्हणूनच कविता श्रोत्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचते याचाच प्रश्न आहे.

या अवस्थेचे एक ठसठशीत रूप दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात पाहावयास मिळते. निर्यातीसाठी शिवलेले, पण उरलेले किंवा नाकारले गेलेले कपडे तेथे ढिगाने विकले जातात. त्यांतील अनेकांच्या मानेवरची उत्पादकाची पट्टी कापलेली असते. कापड अस्सल, शिवण अस्सल, नाव तेवढे नाहीसे. त्याच बाजारात दुसऱ्या जातीचा मालही असतो. त्याचे कापड सामान्य असते, पण पट्टी मात्र एखाद्या जगप्रसिद्ध नावाची असते. पहिल्या प्रकारात वस्तू खरी आणि नाव हरवलेले. दुसऱ्यात नाव उसने आणि वस्तू वेगळीच. संगीताच्या चोरट्या व्यापाराचे प्रकारही हेच दोन आहेत. ते नीट वेगळे केले म्हणजे श्रम आणि मोल यांचा विचार अधिक काटेकोरपणे करता येतो.

२

ध्वनिफितीचे युग अवतरण्यापूर्वी भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय दीर्घकाळ मुख्यत्वे ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'एचएमव्ही'च्या हाती होता. काय मुद्रित व्हावे, किती प्रती निघाव्यात आणि त्या कोणत्या किमतीस विकल्या जाव्यात, हे ती कंपनी ठरवी. फिलिप्सने १९६३ साली आणलेली छोटी ध्वनिफीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतात रुळू लागली आणि हे चित्र पालटले. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली; तिचे 'टी-सीरीज' हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात या स्थित्यंतराची दोन्ही अंगे दाखविली आहेत. ध्वनिफितीने मक्तेदारी मोडली, प्रादेशिक भाषांतील व बोलींतील गाण्यांना बाजार मिळवून दिला, आणि त्याच यंत्राने चोरट्या प्रतींचाही सुळसुळाट केला. मुक्ती आणि चौर्य ही येथे एकाच यंत्राची अपत्ये होती.

या स्थित्यंतराचा मराठी अनुभव दिल्लीत काहीसा निराळा होता. सरोजिनी नगर म्हणजे आज बाजार असे समीकरण झाले असले तरी मूळची ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत; तिचे आधीचे नाव विनयनगर. अशा वसाहतींत बदलीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांना हिंदी आणि पंजाबी फिती हाकेच्या अंतरावर मिळत; मराठी भावगीत किंवा नाट्यपद मात्र तेथील दुकानांत दुर्मिळ असे. सुटीत पुण्या-मुंबईहून आणलेली फीत शेजारीपाजारी फिरावी आणि दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर तिच्या प्रती निघाव्यात, ही ध्वनिफितीच्या काळातील सर्वपरिचित रीत होती. महाराष्ट्राबाहेरच्या घरांत ती केवळ काटकसर नव्हती. न मिळणारी वस्तू मिळविण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग होता.

या प्रतीच्या श्रमांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. साठ मिनिटांची फीत उतरवून घेण्यास बहुधा साठ मिनिटेच लागत. मध्ये बाजू उलटावी लागे, पट्टी अडकली तर पेन्सिलीने गुंडाळावी लागे. म्हणजे प्रत काढणे आणि ऐकणे या क्रिया जवळजवळ एकरूप होत्या. त्यानंतर डबीतील कार्डावर हाताने यादी लिहिली जाई. गाण्याचे पहिले शब्द, गायक आणि, घरातील माणूस चोखंदळ असल्यास, कवी व संगीतकार यांची नावेही त्यात असत. ही नावे त्याला ठाऊक असत, कारण आकाशवाणीच्या निवेदनात ती वर्षानुवर्षे त्याच्या कानी पडलेली असत.

याच्या उलट दुकानात हजारांनी निघणारी चोरटी फीत. तिच्यावर छापलेले चित्र ठळक आणि गायकाचे नाव मोठे असे. कवीचे नाव बहुधा नसेच. कायद्याच्या दृष्टीने घरगुती प्रतही निर्दोष नव्हती, आणि तिच्यातून कवीच्या हाती काही पडत नव्हते, हे विसरून तिचे काव्यमय समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही प्रती एकाच मापाने मोजणे हे समीक्षेला शोभणार नाही. एकीत श्रम होते, अवधान होते आणि पुष्कळदा नाव शाबूत होते. दुसरीत यापैकी काहीच नव्हते.

३

चौर्याचा विचार भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात काव्याकाव्यांतील सादृश्याचे तीन प्रकार मानले आहेत. एक प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे आणि तिसरे दोन सारख्या दिसणाऱ्या देहांसारखे. पहिल्या दोहोंत स्वतःचा आत्मा नसतो अथवा तो क्षीण असतो. तिसऱ्यात रूप मिळतेजुळते असूनही प्राण स्वतंत्र असतो, म्हणून ते सादृश्य त्याज्य नव्हे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हा विचार हरणाच्या सविस्तर विवेचनात गोवला आणि परपुरप्रवेशासारखा चौथा प्रकार त्यात मिळविला. या साऱ्या मीमांसेचे मर्म असे की, उचल झाली की नाही यापेक्षा उचल करणाऱ्याने तिच्यात काय घातले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मराठी संगीत नाटकाने या प्रश्नाला एक अत्यंत सभ्य उत्तर देऊन ठेवले आहे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, नाट्यपदांच्या चाली साक्या, दिंड्या, लावण्या, कानडी पदे, हिंदुस्थानी चिजा अशा नाना ठिकाणांहून आल्या. पुढे गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमाना'ला (१९११) आणि भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवरा'ला (१९१६) दिलेल्या चालींमागेही बैठकीच्या गाण्याची समृद्ध पुंजी होती. पण छापील नाटकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून मूळ गीताचा निर्देश करण्याची प्रथा पडली. उचल उघड होती आणि तिची पावती शेजारीच छापलेली होती. सरोजिनी नगरच्या भाषेत सांगावयाचे तर, कापड दुसऱ्याच्या मागावरचे असले तरी मानेवरची पट्टी कोणी कापली नव्हती. मराठी रंगभूमीने आपल्या ऋणांची अशी नोंद ठेवली, म्हणूनच आज त्या चालींचा इतिहास लिहिणे शक्य होते.

ध्वनिफितीच्या काळात अवतरलेले 'व्हर्शन' गीत म्हणजे आनंदवर्धनाच्या परिभाषेत आलेख्य, चित्रासारखे सादृश्य. लोकप्रिय गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यावयाचे आणि स्वस्तात विकावयाचे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील एका तरतुदीने, ठरावीक मुदत उलटल्यावर, सूचना व मानधन देऊन असे पुनर्मुद्रण करण्यास वाव ठेवला होता. त्यामुळे हा व्यवहार सरसकट चोरीचा म्हणता येत नाही. या वाटेने अनेक नव्या गायकांना प्रथम व्यासपीठ मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. दोष वेष्टनाचा होता. 'हम आपके हैं कौन' (१९९४) या चित्रपटाच्या गाण्यांच्या अशा फितीवरून ग्रामोफोन कंपनी आणि सुपर कॅसेट्स यांच्यातील वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तेव्हा न्यायालयाने भर दिला तो वेष्टनाच्या सारखेपणावर, आणि ही मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत नसून वेगळ्या गायकांची आवृत्ती आहे असे ठळकपणे छापण्यावर. २०१२ च्या दुरुस्तीने हीच गोष्ट कायद्यात आणली. मुदत पाच वर्षांची झाली, वेष्टनावर आधीच्या गायकाचे नाव वा चित्र घालण्यास मनाई झाली आणि 'ही आवृत्ती आहे' असे सांगणे सक्तीचे झाले. थोडक्यात, उसन्या पट्टीचा प्रश्न कायद्याने ओळखला. कापलेल्या पट्टीचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

४

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नाव हा खुद्द ध्वनीचाच भाग होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा त्यांनी गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या तयार होत जर्मनीत हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना लेबल कोणाचे लावावयाचे हे कळावे म्हणून ही योजना होती, असे सांगितले जाते. हेतू व्यावहारिक असेल. परिणाम मात्र विलक्षण झाला. त्या मुद्रिकेची कोणीही, कितीही प्रती काढो, गायिकेचे नाव तिच्यापासून तोडता येत नाही. पुढे आकाशवाणीच्या निवेदनाने हेच काम अधिक व्यापकपणे केले. गीतकार, संगीतकार, गायक असा त्रिवार उच्चार झाल्यावाचून मराठी सुगम गीत श्रोत्यासमोर येत नसे. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर आली तेव्हापासून कवितेचे आणि ध्वनियंत्राचे जे नाते जुळले, ते या उच्चारामुळे दीर्घकाळ सन्मानाचे राहिले.

'गीतरामायण' हे त्या नात्याचे शिखर. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते सुधीर फडके यांच्या चालींत प्रसारित केली. नवे गीत प्रसारित झाले की वर्तमानपत्रे त्याचे शब्द छापीत; ते शब्द ग्रंथरूपाने १९५७ साली दिल्लीच्या प्रकाशन विभागाने काढले. श्रोता एकाच वेळी ऐकणारा आणि वाचणारा होता. कवीचे नाव निवेदनातून कानी पडे आणि छापील शब्दांसमवेत डोळ्यांसमोर येई. त्यामुळे हे काव्य केवळ 'फडक्यांचे गाणे' झाले नाही, ते माडगूळकरांचेही राहिले.

नंतरच्या दोन अवस्थांत हे नाव कापले गेले. पहिली अवस्था संगणकीय तबकडीची. एका तबकडीत शे-दीडशे गाणी कोंबलेली. सूचीत चित्रपटाचे अथवा गायकाचे नाव, पुष्कळदा नुसता अनुक्रमांक. नेहरू प्लेसपासून पालिका बाजारापर्यंत आणि मुंबई-पुण्याच्या पदपथांवर विकल्या गेलेल्या या मालात कवी ही व्यक्ती अस्तित्वातच नव्हती. दुसरी अवस्था मोबाइलच्या स्मृतिपत्रिकेत गाणी भरून देणाऱ्या दुकानांची. तेथे तर वेष्टनही उरले नाही.

परंतु येथे थांबून अधिकृत मालाचीही झडती घेतली पाहिजे. १९८४ साली चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी कायद्यात ५२अ हे कलम आले. ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे नाव व पत्ता, प्रताधिकाराच्या मालकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापलेच पाहिजे, असे ते सांगते. या यादीत कवीचे नाव नाही, संगीतकाराचेही नाही. चोरापासून संरक्षण द्यावयाचे ठरले तेव्हा कायद्याने मालकाची पट्टी शिवून घेतली आणि कर्त्याची ऐच्छिक ठेवली. ५७ वे कलम कर्त्याला आपल्या कर्तृत्वाचा निर्देश मागण्याचा विशेष हक्क देते हे खरे. पण तो मागावा लागतो. ज्या कवीची दोनशे गीते बाजारात फिरत आहेत त्याने, अथवा त्याच्या वारसांनी, प्रत्येक ठिकाणी तो कसा मागावा? आजच्या अधिकृत गीतसेवांवरही पडद्यावर गायकाचे नाव चटकन दिसते, कवीचे आतल्या एखाद्या पानावर शोधावे लागते आणि पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. चोरटी प्रत नाव कापते म्हणून तिचा धिक्कार करावयाचा, तर अधिकृत प्रतीने नाव राखले आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे.

५

पैशाच्या बाबतीतही 'विकत घेतले म्हणजे कर्त्याला पोचले' हे समीकरण दीर्घकाळ खोटे होते. चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीताचा व दिलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्यानंतरच्या काळात एखाद्या श्रोत्याने पूर्ण किंमत देऊन चित्रपटगीतांची फीत घेतली, तरी त्या किमतीतील वाटा कवीकडे जाईलच असे नव्हते. प्रामाणिक ग्राहक आणि चोरटा ग्राहक यांत निर्मात्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक होता. कवीच्या दृष्टीने तो कित्येकदा नगण्य होता. चोरट्या प्रतींविरुद्धच्या नैतिक आवाहनांना समाजात जो थंड प्रतिसाद मिळाला, त्यामागे ही पोकळीही असावी.

२०१२ हे वर्ष या संदर्भात वळणाचे ठरले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापरांतून मिळणाऱ्या मानधनात गीतकार व संगीतकार यांना समान वाटा दिला, आणि तो निर्मात्याच्या नावे लिहून देण्यास प्रतिबंध केला. याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशांनी चोरटी गाणी पुरविणारी १०४ संकेतस्थळे रोखण्यात आली. फेब्रुवारीत फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे सुटी गाणी विकणारे दालन उघडले. डिसेंबरात 'आयट्यून्स'चे भारतीय दालन सुरू झाले. कायदा, न्यायालय आणि बाजार यांनी एकाच वर्षी श्रोत्याला सांगितले की, आता विकत घे. 'फ्लाइट' २०१३ च्या जूनमध्ये बंद पडले. श्रोत्याने एकेक गाणे विकत घेण्याची सवय लावून घेतली नाही, आणि त्याला ती लावण्याइतका धीर बाजारालाही निघाला नाही.

त्यानंतर जे आले ते विकणे नव्हेच. जाहिराती ऐकण्याची तयारी असेल तर विनामूल्य, एरवी वर्गणी भरून, लक्षावधी गाणी हवी तेव्हा ऐकावयाची, ही व्यवस्था आज रूढ झाली आहे. तिने श्रमाचे पारडे उलटे केले. पूर्वी चोरटी प्रत स्वस्त व सोपी होती आणि अधिकृत प्रत महाग व दूरची होती. आज चोरटी प्रत शोधणे, तिचा ध्वनी तपासणे, तिच्यासोबत येणारी संगणकीय घाण टाळणे, हेच कष्टाचे झाले आहे. श्रम वाचविण्यासाठी लोक पैसे मोजतात याचे बोलके उदाहरण म्हणजे सारेगामाचा, म्हणजे जुन्या ग्रामोफोन कंपनीचाच, २०१७ सालचा 'कारवाँ' हा संच. पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली, किंमत सुमारे सहा हजार रुपये. त्यातील बहुतेक गाणी अन्यत्र फुकट ऐकावयास मिळत असतानाही घरोघरी तो घेतला गेला, आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. वडीलधाऱ्या श्रोत्याला गाणे हवे होते, शोधण्याची यातायात नको होती.

तेव्हा जे संगीत अधिकृतपणे सहज उपलब्ध आहे त्याच्या चोरट्या प्रतीसाठी श्रम करण्यात आता व्यवहार उरलेला नाही. तिचे नैतिक समर्थनही उरलेले नाही, कारण आता कर्त्याचा वाटा निदान कायद्याने मान्य झाला आहे. मात्र 'विकत घेणे' या शब्दाचा अर्थ पालटला आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. वर्गणीदार गाण्याचा धनी होत नाही. तो भाडेकरू असतो. २०१४ साली सुरू झालेली एअरटेलची 'विंक' ही गीतसेवा २०२४ साली गुंडाळली गेली, तेव्हा वर्गणीदारांनी वर्षानुवर्षे लावलेल्या गीतमालांचे घर गेले. विनयनगरच्या काळातील सरकारी घरेही बदलीबरोबर सोडावी लागत, आणि आता तर त्या वसाहतींच्या पुनर्बांधणीत ती घरेच पाडली गेली. पण घर सोडताना फितींची पेटी बरोबर नेता येत असे. भाड्याच्या गाण्याला पेटी नसते.

६

जे विकलेच जात नाही त्याचे काय? या प्रश्नाशी आल्यावर श्रमाचा अर्थ पुन्हा बदलतो. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवर पाठवावयाच्या सुवर्णतबकडीसाठी केसरबाई केरकर यांची भैरवी निवडली गेली. ती तबकडी तेव्हा बाजारातून नाहीशी झालेली होती. शोध घेता घेता न्यूयॉर्कमधील एका भारतीयाच्या उपकरणांच्या दुकानात तिच्या काही प्रती हाती लागल्या. आपल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाबाबत कमालीची चोखंदळ असलेल्या या गायिकेचा स्वर सूर्यमालेच्या पार गेला, त्यामागे कोठल्याशा दुकानात पडून राहिलेल्या दोनतीन प्रती होत्या. बाजार जे विसरतो ते टिकते एखाद्या संग्राहकाच्या हट्टामुळे, नाहीतर निव्वळ योगायोगाने.

मराठीच्या बाबतीत हा विसर फार मोठा आहे. नाटक कंपन्यांच्या काळातील नाट्यपदे, 'यंग इंडिया'सारख्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या तबकड्या, आकाशवाणीवर एकदाच प्रसारित झालेली गीते, खाजगी बैठकी, यांतील कितीतरी भाग कोणत्याही वर्गणीत मिळत नाही. 'गीतरामायण' बाजारात मिळते ते मुख्यत्वे फडके यांच्या आवाजातील. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांचे आवाज होते. त्या रूपाला जो ऐतिहासिक अर्थ आहे त्याची भरपाई एका आवाजातील संच, तो कितीही श्रेष्ठ असला तरी, करू शकत नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सभासदांनी जुन्या तबकड्यांचा शोध, नोंद आणि जतन यांसाठी जे काम केले, ते श्रम या शब्दाला पुन्हा प्रतिष्ठा देणारे आहे. तेथे प्रत काढणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो तो लेबलावर काय लिहिले आहे, हा. गायक, रचनाकार, कंपनी, क्रमांक, वर्ष यांची नोंद झाल्याखेरीज संग्राहकाला तबकडी पुरी मिळाल्यासारखी वाटत नाही. चोरट्या व्यापाऱ्याने जी पट्टी प्रथम कापली, तीच संग्राहक प्रथम वाचतो.

तथापि न मिळणाऱ्या संगीताची प्रत काढली म्हणजे ती आपोआप पुण्यवान ठरते, असे नव्हे. बैठकीतल्या ध्वनिफितींची देवघेव हा रसिकांचा लाडका व्यवहार आहे. परंतु गायकाची संमती त्या व्यवहारात क्वचितच विचारली जाते. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क दिला, त्यामागे हीच जाणीव होती. घराण्यांच्या परंपरेत चीज लपविण्याची जी वृत्ती होती तिला आज कोणी कोतेपणा म्हणेल. पण काय बाहेर जावे आणि कोणत्या रूपात, हे ठरविण्याचा कलावंताचा अधिकार तिच्यात गृहीत होता, आणि तो कोता नव्हता. म्हणून या दुसऱ्या प्रकारच्या श्रमांनाही अटी हव्यात. प्रत विक्रीसाठी नसावी. तिच्यावर कवी, संगीतकार, गायक, स्थळ आणि काळ यांची नोंद असावी. आणि ती अखेरीस एखाद्या कपाटात न राहता सार्वजनिक संग्रहात जावी. दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे आणि शेजारी गुरुग्राममध्ये असलेल्या, १९८२ साली स्थापन झालेल्या लोक व अभिजात संगीताच्या संशोधनकेंद्राचे असे संग्रह आहेत. मराठी गीताचा, त्याच्या शब्दकर्त्याच्या दृष्टीने रचलेला, असा सर्वसमावेशक संग्रह कोठे असावा हा विचार साहित्यसंस्थांनी करावयाचा आहे. कवीच्या हस्तलिखिताचे जतन हे वाङ्मयीन कार्य मानले जाते. मग त्याच्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचे जतन केवळ संगीतरसिकांवर सोपवून चालणार नाही.

७

मूळ प्रश्नाचे उत्तर त्यामुळे एका शब्दात देता येत नाही, पण दोन वाक्यांत देता येते. जे गाणे अधिकृतपणे सहज मिळते, त्याची चोरटी प्रत काढण्याचे श्रम व्यर्थ आहेत आणि अन्याय्यही आहेत. जे मिळतच नाही, त्याची प्रत काढून नावानिशी जपण्याचे श्रम आजही मोलाचे आहेत, आणि ते चोरीच्या अंधारातून संग्रहाच्या उजेडात आणणे हे समाजाचे काम आहे. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच राहते. कर्त्याचे नाव त्या प्रतीबरोबर पोचले की नाही, ही ती कसोटी. अधिकृत सेवांनीही याच कसोटीस उतरले पाहिजे. ५२अ कलमाच्या यादीत मालकाच्या नावाशेजारी कवीचे आणि संगीतकाराचे नाव सक्तीचे करणे ही फार मोठी मागणी नव्हे. आकाशवाणीच्या निवेदकाने जे वर्षानुवर्षे काही सेकंदांत केले, तेवढेच त्यात आहे.

सरोजिनी नगर हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या सरोजिनी नायडू स्वतः कवयित्री होत्या. हैदराबादच्या बाजारातील विक्रेत्यांवरची त्यांची कविता 'द बर्ड ऑफ टाइम' या १९१२ च्या संग्रहात आहे. त्यांचे निधन १९४९ साली झाले. भारतीय कायद्यातील साठ वर्षांची मुदत २००९ च्या अखेरीस पुरी होऊन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता सर्वांना मोकळ्या झाल्या. आता त्या कोणीही छापाव्यात, गाव्यात, मुद्रित कराव्यात. त्यात चोरी नाही आणि दामही मोजावयाचा नाही. तरी त्या कविता दुसऱ्या कोणाच्या नावावर खपविण्याची, किंवा निनावी करून फिरविण्याची, मुभा त्यामुळे कोणाला मिळत नाही. प्रताधिकाराला मुदत असते, कर्तृत्वाला नसते. किमतीचा वाद ज्या दिवशी कायमचा मिटेल, त्या दिवशीही गाणे कोणाचे हा प्रश्न प्रत्येक प्रतीपुढे उभा राहील, आणि त्याचे उत्तर त्या प्रतीवर लिहिलेले असावे लागेल.